सांतियागोत माणसं पण राहतात हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलावर, जिथं लांबलांबून लोक यात्रेला चालत येतात, पानभर लेख आला होता. माझ्या मामेबहिणीने कराडहून त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली लिहिलेलं "तुझं गाव पेपरात आलंय!!" आणि पुढं चार नाचणारे इमोजी. मी इथं सहा वर्षं राहते, नवऱ्याची नोकरी इथल्या युनिव्हर्सिटीत आहे, त्यामुळे गाव पेपरात आलं म्हटल्यावर मला पण आनंदच झाला, पण वाचत गेले तसतसा तो कमी होत गेला, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त रबराचा भाग कापू नका, तो शेवटी येतो.

आधी लेखातल्या चुका सांगून टाकते म्हणजे डोक्यातून जातील. संत याकोब, ज्यांना इथं सांतियागो म्हणतात, ते या गावात जन्मले नव्हते. ते गालीलातले कोळी, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, जेरुसलेममध्ये त्यांना मारलं आणि त्यांचा देह बोटीतून इथल्या किनाऱ्याला आणला अशी श्रद्धा आहे. मग नवव्या शतकात पाइओ नावाच्या एका साधूला रानात उजेड दिसला, तिथं थडगं सापडलं, त्यावर आधी छोटं चर्च, मग मोठं, असं करत करत १०७५ मध्ये आत्ताचं कॅथेड्रल बांधायला घेतलं आणि १२११ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. म्हणजे गाव समाधीचं आहे. तुम्ही मथळ्यात पंढरी म्हटलंय, त्यापेक्षा आळंदी म्हणा हवं तर, ते जास्त जवळचं आहे.

दुसरं म्हणजे ते "फ्लॅमेन्को आणि बैलांच्या झुंजींची भूमी" वगैरे. अहो ते सगळं खाली दक्षिणेला, अंदालुसियात. आम्ही वायव्येच्या टोकाला, गालिसियात, इथं हिरवीगार झाडी, गाई, धुकं आणि गाइता म्हणजे पिशवीतून वाजणारी मशकबीन. कॅथेड्रलच्या बाजूला एक कमान आहे, तिच्यात कायम कुणीतरी गाइता वाजवत उभा असतो, पाऊस असो ऊन असो, आणि कॅथेड्रलसमोरच्या ओब्रादोइरो चौकात पाऊल टाकायच्या आधी तुम्हाला तोच ऐकू येतो. भाषा पण वेगळी आहे, गालेगो, पोर्तुगीजच्या जास्त जवळची. तिला स्पॅनिशची बोली म्हटलं की इथली माणसं तशीच चिडतात जसा कोकणीला मराठीची बोली म्हटल्यावर गोवेकर चिडतो, आणि बरोबरच आहे त्यांचं, फ्रांकोच्या राजवटीत ही भाषा शाळेत आणि कचेरीत चालायचीच नाही. आणि हो, जेवणाखाण्याची ती प्रसिद्ध गल्ली रुआ दो फ्रांको, तिचा त्या हुकूमशहा फ्रांकोशी काडीचा संबंध नाही, ती जुन्या काळी आलेल्या फ्रँक म्हणजे फ्रेंच व्यापाऱ्यांची गल्ली. लेखकमहाशयांनी तिथं उभं राहून हुकूमशाहीवर दोन परिच्छेद चिंतन केलंय.

तिसरं बोताफुमेइरो. हा कॅथेड्रलमधला अवाढव्य धुपाटणा, दीड मीटर उंच, ५३ किलोच्या आसपास वजन, आठ माणसं दोर ओढून तो झुलवतात, त्यांना तिराबोलेइरोस म्हणतात, आणि तो ताशी ६८ किलोमीटरपर्यंत वेगाने या छतापासून त्या छतापर्यंत जातो. बघताना पोटात गोळा येतो हे खरंय. आत्ताचा १८५१ चा आहे, त्याच्या आधीचा चांदीचा नेपोलियनच्या सैन्याने पळवला. पण हा "रोज दुपारी १२ च्या प्रार्थनेला झुलतो" असं जे छापलंय ते चूक आहे आणि याचा त्रास होतो लोकांना, खरंच होतो. ठरावीक सणांना झुलतो किंवा कुणी काही शे युरो भरून आधी सांगितलं असेल तर. माझ्या माहितीतल्या एक काकू पुण्याहून फक्त त्याच्यासाठी एक दिवस वाढवून आल्या होत्या, तासभर आधी जाऊन पुढच्या बाकावर बसल्या, आणि तो सगळा वेळ दोराला टांगलेला तसाच स्थिर. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "अगं, हललासुद्धा नाही गं."

बास झाल्या चुका. माझं खरं म्हणणं वेगळंच आहे.

त्या अख्ख्या लेखात चालणारे म्हणजे पायी येणारे यात्रेकरू आहेत, त्यांचे पाय आहेत, फोड आहेत, सूर्योदय आहेत, आतल्या आवाजाशी संवाद आहे, आणि गाव फक्त शेवटची रेघ म्हणून आलंय, जसं मॅरेथॉनला शेवटी कापड लावतात ना तसं. गावात माणसं राहतात, भाजी आणतात, पोरांना शाळेत सोडतात, रात्री झोपतात, हे एका ओळीत सुद्धा नाही. मी जळून बोलत नाहीये. पाच वर्षं मी ज्या घरात राहिले ते सान पेद्रो गल्लीला लागून होतं आणि फ्रेंच मार्गाने म्हणजे फ्रान्सकडून येणाऱ्या यात्रेच्या वाटेने येणारा प्रत्येक माणूस त्याच गल्लीतून आत शिरतो, त्यामुळे मला वाटतं मला थोडं बोलायचा हक्क आहे.

कल्पना करा. गल्ली दगडी, ग्रॅनाइटची. दोन्ही बाजूला दोन-तीन मजली घरं. चालणाऱ्यांच्या हातात त्या ट्रेकिंगच्या काठ्या, खाली लोखंडी टोक. काही लोक शेवटचा मुक्काम मोंते दो गोसोला करतात, ही पाच किलोमीटरवरची टेकडी, नावाचा अर्थच आनंदाची टेकडी कारण तिथून पहिल्यांदा कॅथेड्रलचे मनोरे दिसतात (वेळापूरला कळस दिसल्यावर आपला धावा होतो, अगदी तेच), आणि सकाळी लवकर निघतात. मग साडेसहापासून सुरू. टक् टक् टक् टक्. एक गेला की दुसरा. दोघं असले की टक्टक् टक्टक्. शाळेच्या पोरांचा ग्रुप असला की टाळ्या, गाणी, शिट्ट्या, आणि एकाच्या तरी पाठीवर स्पीकर. आपल्याकडं पंढरपूरच्या माणसाला वर्षातून चार वाऱ्या सांभाळायच्या असतात आणि आषाढीला तो पंधरा दिवस कंबर कसून असतो, मग श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथं तसं नाहीये. इथं दिंडी नाही, तिथी नाही, जो तो आपापला निघतो आणि आपापला पोचतो, म्हणून रोजच आषाढी. २०२४ मध्ये सुमारे ४ लाख ९९ हजार लोकांनी चालल्याचं प्रमाणपत्र घेतलं, म्हणजे सरासरी दिवसाला तेराशेच्या वर, आणि हे नुसते प्रमाणपत्रवाले, बस आणि क्रूझने येणारे त्यात नाहीतच. गावाची वस्ती लाखाच्या आसपास. गंमत म्हणजे १९८० च्या सुरुवातीला वर्षाला जेमतेम काही शे माणसं चालत यायची. वाट लोक विसरूनच गेले होते, ओ सेब्रेइरो नावाच्या डोंगरातल्या गावचा एलियास वालिन्या नावाचा पाद्री होता, त्याने १९८४ मध्ये पिवळ्या रंगाचे डबे घेतले आणि दगडांवर, झाडांवर बाण काढत सुटला, आज जे पिवळे बाण सगळ्यांच्या टीशर्टवर दिसतात ते त्याचे. एका माणसाचा रंगाचा डबा, बघा कुठं नेऊन ठेवलं!

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, वय ब्याऐंशी, त्याच घरात जन्मलेल्या. मला "नेना" म्हणायच्या, म्हणजे पोरी. इथं सगळ्याला इन्यो-इन्या लावायची पद्धत आहे, कॉफी नाही कॉफीइन्यो, क्षण नाही क्षणुला, ते मला फार आवडतं. तर या आजींची बेल दिवसातून तीन-चारदा वाजायची. दार उघडलं की पाठीवर बोचकं घेतलेला घामेजलेला परदेशी माणूस, अल्बेर्गे का हे? अल्बेर्गे म्हणजे चालणाऱ्यांची धर्मशाळा. आजी बिचाऱ्या जिना उतरून खाली यायच्या आणि हाताने रस्ता दाखवायच्या. शेवटी गुडघे थकले तेव्हा आम्ही दोघींनी मिळून एक पाटी केली, गालेगो आणि स्पॅनिश त्यांनी सांगितलं, इंग्रजी मी लिहिलं, "इथं माणसं राहतात. ही धर्मशाळा नाही. धन्यवाद." प्लास्टिकच्या कव्हरात घालून दाराला लावली. आठवड्याभरात लोक त्या पाटीपुढं उभं राहून सेल्फी काढायला लागले. एकाने खाली शिंपल्याचं, म्हणजे यात्रेकरूंच्या खुणेचं, स्टिकर पण चिकटवून दिलं. आजी हसून हसून लाल झाल्या, मला मात्र राग आलेला.

पाचव्या वर्षी आमचा भाडेकरार संपला आणि मालकाने सरळ सांगितलं, आता टुरिस्टना देणार. माणूस वाईट नव्हता, त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक, महिन्याला आम्ही देत होतो तेवढं त्याला उन्हाळ्यात आठवड्यात मिळतं म्हणे. आम्ही गेलो फोंतिन्यासला, नव्या वस्तीत, सातव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, घर कोरडं आहे. तक्रार नाही. पण जुन्या दारावरून जाते तेव्हा तिथं टुरिस्टसाठी चावी ठेवायची ती आकड्यांची डबी लटकलेली दिसते आणि पोटात कसंतरी होतं. जुन्या गावातली कायमची वस्ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निम्म्याच्या आसपास घटली आहे. आमच्या कोपऱ्यावर कुलपं-चाव्या, खिळे, बादल्या, दोऱ्या विकणारं एक दुकान होतं, मालक काका बल्बची कॅप बघूनच सांगायचे हा नाही चालणार म्हणून, ते बंद झालं आणि तिथं आता फ्रिजवर लावायचे मॅग्नेट मिळतात. बादली घ्यायला मला आता बसने मॉलमध्ये जावं लागतं. महापालिकेने घरांचे टुरिस्ट फ्लॅट करण्यावर बंधनं आणलीत, मुक्कामावर माणशी टॅक्स पण लावलाय, पण जे गेलं ते गेलं. युनिव्हर्सिटी १४९५ ची आहे आणि हजारो पोरं शिकायला येतात, त्यांना खोल्या मिळायची मारामार, सप्टेंबर आला की नवऱ्याचे विद्यार्थी आधी घर शोधतात, मग लेक्चर.

हे सगळं म्हणून चालणारे वाईट असं नाही, ते नसते तर हे गावच नसतं. इथं लोक हे जाणून आहेत, उगाच नाही हजार वर्षं दार उघडं ठेवलं. ओब्रादोइरो चौकातलं आजचं महागडं पॅरादोर हॉटेल हे मुळात इसाबेल आणि फर्नांदो या राजाराणीने यात्रेकरूंसाठी बांधलेलं हॉस्पिटल. आणि २४ जुलै २०१३ ची ती रेल्वे, गावाच्या वेशीवर आंग्रोइस नावाच्या वस्तीत वळणावर घसरली, ८० माणसं गेली, दुसऱ्या दिवशी सांतियागोचा सण होता. त्या वस्तीतल्या लोकांनी रुळांवर उतरून हाताने काचा फोडून माणसं बाहेर काढली, घरातल्या चादरी-ब्लँकेटं आणून दिली. तुमच्या लेखात "२४ जुलैच्या रात्रीची आतषबाजी चुकवू नका" असं लिहिलंय, ते ठीकच आहे, मी पण बघते, पण इथल्या माणसाला त्या तारखेला आतषबाजीच्या आधी अजून काहीतरी आठवतं.

अजून एक गोष्ट सांगते, आवडती आहे म्हणून. अलामेदा नावाच्या बागेत दारातच दोन बायकांचा रंगीत पुतळा आहे, "दोन मारिया" म्हणतात. टुरिस्ट त्यांच्या हातात हात घालून फोटो काढतात, गमतीदार वाटतात त्या, भडक कपडे, भडक लिपस्टिक. त्या खऱ्या बहिणी होत्या, मारुशा आणि कोरालिया, शिवणकाम करायच्या. त्यांचे भाऊ अराजकवादी चळवळीत होते, १९३६ ला यादवी युद्ध सुरू झाल्यावर भावांना शोधायला पोलीस रात्री-अपरात्री घरात घुसायचे, बहिणींना छळायचे. मग लोकांनी घाबरून त्यांना काम द्यायचं बंद केलं. आणि या दोघी काय करायच्या, तर रोज दुपारी दोनला नटूनथटून हातात हात घालून गावातून फिरायच्या, कॉलेजच्या पोरांना डोळा मारायच्या. त्या करड्या, पावसाळी, घाबरलेल्या गावात दोन रंगीत ठिपके. लोक वेडं समजायचे, पण किराणा दुकानदार गुपचूप सामान द्यायचे, आणि वादळात छप्पर उडालं तेव्हा गावाने वर्गणी काढली. पुतळा १९९४ चा. आमच्या आजींनी त्यांना लहानपणी रोज बघितलेलं. म्हणाल्या, "आई मला सांगायची, त्यांना बघून हसायचं नाही, आणि त्यांच्याशी बोलायचं पण नाही." दोन्ही एका वाक्यात. तेव्हाचं गाव मला त्या वाक्यात जेवढं दिसलं तेवढं कुठल्या गाईडच्या बडबडीत दिसलं नाही.

पावसाबद्दल लेखात "हलक्या सरी" असं आहे. हलक्या सरी! वर्षाला साधारण १,८०० मिलिमीटर पडतो, मुंबईपेक्षा कमीच, पण मुंबई तो चार महिन्यांत उरकून मोकळी होते, इथं तो ऑक्टोबरला येऊन बसतो आणि पाहुण्यासारखा मे महिना आला तरी उठत नाही. पावसाला शब्द किती, ओरबाल्यो, पोआया, बाबुशा, एकेका भुरभुरीला वेगळं नाव. दगडावर हिरवं शेवाळ, भिंतीला बुरशी, टॉवेल तीन दिवस ओला. जुन्या रस्त्यांना म्हणूनच दोन्हीकडं दगडी ओसऱ्या आहेत, रुआ दो विलार आणि रुआ नोवाला, छत्री न उघडता अर्धं गाव फिरता येतं. पण रात्री पाऊस पडून गेल्यावर ओल्या ग्रॅनाइटवर दिव्यांचा पिवळा उजेड पडतो आणि कुणीच नसतं रस्त्यावर, तेव्हा हे गाव जे दिसतं ना... ते दिवसा बसमधून येऊन तीन तासांत जाणाऱ्यांना कधीच दिसत नाही.

माझी आई गेल्या वर्षी दोन महिने येऊन राहिली. तिने तीनदा वारी केलीये, एकदा पूर्ण, त्यामुळे तिला उत्सुकता होती. पहिल्या दिवशी चौकात नेलं. दुपारची वेळ, ऊन पडलेलं, दगडी फरशीवर शंभरेक माणसं आडवी, बॅग उशाला, बूट काढून ठेवलेले, कुणी रडतंय, कुणी नुसतं मनोऱ्यांकडं बघतंय. आई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "देवाच्या दारात एवढी माणसं झोपलीत आणि कुणी काठी आपटून उठवत नाही." मग एका पोरीच्या टाचेचे फोड बघून तिने पर्समधून कैलास जीवनची डबी काढली. ती पोरगी जर्मन होती की पोलिश कुणास ठाऊक, आईने खुणेने सांगितलं रात्री लाव, मोजे घाल, झोप. ती पोरगी पण "ओके, ओके" म्हणत डबी घेऊन गेली. डबी गेली ती गेलीच. मग आईने विचारलं, हे एकमेकांना माऊली म्हणत नाहीत, मग काय म्हणतात? म्हटलं "बुएन कामीनो", म्हणजे वाट चांगली जावो. दोन महिने ती भाजीवाल्यापासून लिफ्टमधल्या शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना बुएन कामीनो म्हणत होती आणि सगळे मनापासून खूश.

तिला सगळ्यात आवडलं ते संताच्या हाडांचं प्रकरण. १५८९ मध्ये इंग्रजांचा दर्यासारंग ड्रेक जवळच्या ला कोरुन्यावर चालून आला तेव्हा इथल्या आर्चबिशपने घाबरून अवशेष लपवले, आणि इतके नीट लपवले की नंतर कुणालाच सापडेनात. १८७९ मध्ये खणून काढले, १८८४ मध्ये पोपने शिक्कामोर्तब केलं. जवळपास तीन शतकं नक्की जागा माहीत नसताना जी माणसं आली ती तशीच डोकं टेकून गेली. आई म्हणाली, आपल्या विठोबाला पण औरंगजेबाच्या काळात देगावला नेऊन ठेवलं होतं असं सांगतात, पण आपण परत आणायचं विसरलो नाही!

जेवणाचं मात्र हाल. इथं दुपारचं जेवण दोन-अडीचला आणि रात्रीचं नऊच्या पुढं, मधल्या वेळात हॉटेलचं किचन बंद, आईला साडेबाराला भूक लागायची. शाकाहारी लोकांसाठी सांगते, काल्दो गालेगो म्हणून पालेभाजी-बटाटा-पांढऱ्या घेवड्याचं गरम सूप मिळतं, दिसायला एकदम आपलं, पण त्यात उंतो म्हणजे डुकराची खारवलेली चरबी असते, विचारल्याशिवाय घेऊ नका. पाद्रोनच्या मिरच्या बिनधास्त खा, तेलात तळून वर जाडं मीठ, नुसत्या, त्यातली एखादीच तिखट निघते. आईने एका बशीतल्या सगळ्या खाल्ल्या आणि म्हणाली एक पण लागली नाही, यांना तिखट कशाला म्हणतात कळतच नाही. आणि सान पाइओ मठातल्या नन्सकडची बदामाची बिस्किटं आणि तार्ता म्हणजे केक. हा मठ कॅथेड्रलच्या मागच्या किंताना चौकाच्या बाजूला. नन बाहेर येत नाहीत, भिंतीत लाकडी फिरतं कपाट आहे, तुम्ही घंटा वाजवायची, आतून आवाज येतो, काय हवं ते सांगायचं, पैसे ठेवायचे, कपाट फिरतं आणि खोका समोर. माणूस दिसतच नाही. आईने हळू आवाजात मला विचारलं, "आत खरंच कुणी आहे ना?" तेवढ्यात आतून कुणीतरी खुदकन हसलं. तार्तामध्ये अंडं असतं हे मी आईला घरी आल्यावर सांगितलं. अर्धी संपली होती. पुढचं विचारू नका.

आता कामाचं. २५ जुलै रविवारी आला की इथं पवित्र वर्ष धरतात, किंतानातलं कॅथेड्रलचं पवित्र दार उघडतात, २०२१ चं कोविडमुळे २०२२ पर्यंत वाढवलं होतं, पुढचं २०२७ मध्ये आहे. माझ्या फोनवर आत्तापासून महाराष्ट्रातल्या टूरच्या जाहिराती फिरतायत, "शेवटचे १०० किमी चाला, सर्टिफिकेट मिळवा", आठ दिवसांत माद्रिद-बार्सिलोना-सांतियागो, बॅगा गाडीतून. या, जरूर या, मला मराठी ऐकायला मिळेल. सर्टिफिकेटला चालत १०० किंवा सायकलने २०० किलोमीटर लागतात, यात्रेकरूच्या वहीवर दिवसाला दोन शिक्के घ्या, आणि ते फुकट मिळतं, त्याचे कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. मोठी सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत, आधी ठेवून या. पण एक रात्र तरी गावात राहा हो. आणि राहाल ते शक्यतो हॉटेलात किंवा अल्बेर्गेत राहा, कुणाच्या तरी भाड्याच्या घरातून उठवून केलेल्या फ्लॅटमध्ये नको. सकाळी आबास्तोसच्या मंडईत जा, आसपासच्या खेड्यातल्या बायका बाहेर दगडी बाकावर टोपली मांडून बसतात, कोबी, अंडी, लिंबं, पिशवीत मापून देतात, त्यांच्याकडून काहीतरी घ्या, मॅग्नेट राहू दे.

आणि रबर. ट्रेकिंगच्या काठीच्या टोकाला घालायची रबराची टोपी येते, इथं कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात दोन-तीन युरोला जोडी मिळते, पुण्यात पण मिळत असेल. मोंते दो गोसो उतरलात की ती घाला. सान पेद्रो गल्लीत डाव्या हाताला एक हिरवं दार आहे, पाटी अजून तिथंच आहे, आजी पण तिथंच आहेत, त्यांनी घर सोडलेलं नाही, आणि सकाळी साडेसातपर्यंत झोपायला मिळावं एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

तुमच्या लेखाची भाषा छान होती, हे लिहायचं राहिलंच.

कळावे,
एक जुनी वाचक
सांतियागो दे कोम्पोस्तेला (मूळ गाव कराड)